बिनलेबलाची डिस्क

आमच्या सासूबाईंना कुठल्याही वस्तूवर चिकटवलेला कागद बघवत नाही. जॅमची बरणी रिकामी झाली की ती आधी कोमट पाण्यात बुडते. मग तिचं लेबल नखाने सोललं जातं, उरलेला गोंद बोथट सुरीने खरवडला जातो आणि बरणी चकचकीत होऊन फडताळात जाते. पूर्वी औषधाच्या बाटल्यांचीही हीच गत व्हायची. मी एकदा खोकल्याचं म्हणून पोटाचं औषध प्यायले, त्यावरून आमचं कडाक्याचं वाजलं, तेव्हा कुठे निदान औषधांना अभय मिळालं. बाकीच्या घराच्या बाबतीत मी हात टेकले.

तर याच सवयीने त्यांनी माझ्या नवऱ्याच्या गेमच्या डिस्क धुतल्या.

या डिस्कशी माझंही काही सख्य नव्हतं. नवरा फ्रिज दुरुस्त करतो, आणि कुठलीही जुनी वस्तू टाकायची म्हटलं की त्याच्या पोटात दुखतं. कपाटाचा खालचा खण अडवून त्याचा शाळेच्या वेळचा गेमचा डबा, म्हणजे ते टीव्हीला जोडायचं यंत्र, आणि एका उभ्या दांडीत ओवलेली डिस्कची चळत बसलेली असायची. सगळ्या डिस्क नकला. मूळ डिस्क जपून ठेवायची आणि खेळायला नक्कल वापरायची असा त्याचा नियम होता. मूळ डिस्क इतक्या जपून ठेवल्या, की घर बदलताना त्या कुठे गेल्या ते आजतागायत कळलेलं नाही. उरल्या नकला, जवळजवळ प्रत्येकीवर गोल कागदी लेबल. मी कितीदा म्हटलं असेल की तो पसारा काढून टाक, तिथे चादरी मावतील.

त्या डब्यावर नवऱ्याइतकाच जीव होता तो सासऱ्यांचा. बाबांनी जन्मभर बस चालवली. घरी येऊन हातपाय धुतले की मुलाशेजारी बसून शर्यतीची गाडी चालवायची, हा त्यांचा विसावा. त्यातही चालवायचे बसच. वळण आलं की वेग कमी, पुढचा थांबला की हे थांबणार, आणि दर शर्यतीत शेवटून पहिला नंबर. सासूबाई मध्येच काही विचारायला गेल्या, की बसमधल्या पाटीवरचं वाक्य नजर न हलवता म्हणायचे, ‘चालकाशी बोलू नये.’ मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही ते ऐकावं लागलं, आणि मला त्याचा रागही आला होता.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही हळूहळू परतली, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. व्यायाम शिकवायला बाई येत. त्यांनी बजावलं, की अंगठा आत्ताच हलता करायला हवा, नाहीतर तो आखडून जाईल आणि मग फार काही करता येणार नाही. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो डाव्या हाताने उचलून पलंगाखाली सोडून दिला. रोज आम्ही काढायचो, रोज ते सोडायचे. मी चिडले, नवऱ्याने विनवण्या केल्या, सासूबाई रडल्या. म्हातारा ढिम्म हलला नाही.

एका दुपारी मात्र ते आपणहून म्हणाले, “गाडी लाव.”

आम्हाला आधी कळेना. मग नवऱ्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. गाडी पळवायचं बटण उजव्या अंगठ्याखालीच असतं. बाईंनाही फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या याहून चांगला व्यायाम नाही. नवऱ्याने डबा काढून टीव्हीला जोडला, चळतीवरची पहिली डिस्क उचलली आणि उजेडात धरली. डिस्कमधून पलीकडची खिडकी दिसत होती. दुसरी उचलली, तिच्यातूनही दिसत होती.

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, की बाबा दवाखान्यात असताना रिकामं बसवेना, हाताला काहीतरी हवं होतं, म्हणून सगळ्या एकेक करून भिजवल्या आणि खरवडून लख्ख केल्या.

नवरा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे सांगितलं, की नक्कल केलेल्या डिस्कमध्ये खेळ असतो तो वरच्या बाजूला, लेबलाच्या लगेच खाली, एका पातळ थरात. लेबलाबरोबर तो थर निघाला. आता राहिलं ते नुसतं प्लास्टिक. सासूबाई ऐकत होत्या आणि हातातला पदर गुंडाळत होत्या. मग त्या मला म्हणाल्या, “अगं, मी त्यांचा हात धुऊन टाकला.”

मला त्यांची इतकी दया आली, की मी त्यांच्या हातातला पदर सोडवला आणि त्यांना खाली बसवलं.

नवऱ्याने मग जंग जंग पछाडलं. कुठूनतरी तोच खेळ मिळवून नव्या कोऱ्या डिस्कवर उतरवला, पण आमचा डबा म्हातारपणी हट्टी झालेला, नवी डिस्क तो वाचेना. कॉम्प्युटरवर खेळ लावून दिला, तर बाबांनी कीबोर्ड बाजूला सारला. ही गाडी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी बरण्या धुणं बंद केलं. ओट्यावर लेबलासकट बरण्या साचल्या आणि त्या बघून मला घर परकं वाटायला लागलं.

अशात मी स्वयंपाकाला तेल घेत होते. आमच्याकडे तेलाची बाटली कशावर ठेवलेली असते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी बाटलीच्या बुडाला चिकटून एक डिस्क वर आली आणि खण्णकन ओट्यावर पडली. चमकती बाजू ओरखड्यांनी भरलेली. उलटून पाहिली, तर वर मार्करने नवऱ्याच्या शाळकरी अक्षरात लिहिलेलं, ‘शर्यत’. लेबल नव्हतंच. सोलायला काही नाही म्हणून सासूबाईंनी ती भिजवली नव्हती, नुसती बाटलीखाली सारली होती.

नवरा म्हणाला, ती कधीच बाद झाली, दुसऱ्या फेरीला अडकते, ओरखडे बघ ना. मी विचारलं, ओरखडे कुठल्या बाजूला आहेत? चमकत्या. आणि खेळ कुठल्या बाजूला, तूच म्हणालास ना? त्याने डिस्क माझ्या हातातून घेऊन पुन्हा उलटून पाहिली.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दात साफ करून झाले की शेवटी चकाकी आणायला एक बारीक पेस्ट लावतात. डॉक्टरीणबाईंना विचारून मी चिमूटभर घरी आणली. आधी तेल साबणाने काढलं. मग मऊ फडक्याने, मधून बाहेरच्या कडेकडे, सरळ रेषेत घासत बसले. गोल घासायचं नाही, हे नवऱ्याने दहादा सांगितलं, आणि दहाव्यांदा माझ्याकडून ऐकूनही घेतलं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, पण डिस्कला बोट लावायला तयार नव्हत्या.

डिस्क लावली. डबा घरघरला, कुरकुरला, आणि पडदा काळाच राहिला. नवऱ्याने पुन्हा लावली. पुन्हा काळा. सासूबाई उठून आत जायला निघाल्या.

“उलटा,” बाबा म्हणाले. “उलटा… कर.”

नवऱ्याने कपाळावर हात मारला. डब्यातलं डिस्क वाचणारं भिंग झिजून खाली बसलं होतं. पूर्वीही डबा पालथा घातल्याशिवाय चालत नसे, हे तो पार विसरला होता आणि बाबांच्या ध्यानात होतं. डबा पालथा झाला. घरघर झाली. आणि पडद्यावर रस्ता आला, गाड्या आल्या, ते कर्कश संगीत सुरू झालं. एरवी त्या संगीताने माझं डोकं उठतं. त्या दिवशी मला रडू आलं.

बाबांच्या मांडीवर उशी ठेवून आम्ही कंट्रोलर हातात दिला, उजवा अंगठा बटणावर नेऊन ठेवला. शिट्टी झाली, सगळ्या गाड्या सुटल्या. आमची जागच्या जागी उभी. पहिली फेरी संपवून बाकीच्या गाड्या मागून येऊन पुढे गेल्या. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. मग आमची गाडी एक हिसका देऊन जरा पुढे गेली आणि थांबली. पुन्हा हिसका. पुन्हा. आणि मग ती निघाली, रांगत रांगत, रस्त्याची डावी बाजू धरून.

सासूबाई जमिनीवरच बसल्या. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “अहो, तुमचा अंगठा…”

समोर वळण आलं होतं. बाबांनी वेग कमी केला.

“चालकाशी,” ते नजर न हलवता म्हणाले, “बोलू नये.”