तरीवरचा भोंपू

मी एक जुना भोंपू आहे. अस्सल पितळेचा. अंगावर पोचे आले आहेत, आणि ज्या रबरी फुग्याच्या जोरावर मी अर्धी मुंबई हादरवली तो फुगा आता उरलेला नाही. तरी मित्रांनो, मला भंगार समजू नका हं! मालवणजवळच्या एका खाडीकाठी, गुरुदासच्या पडवीत मी खुंटीला टांगलेला असतो आणि रोज संध्याकाळी माझं एक काम असतं. कोणतं, ते शेवटी सांगेन. घाई करू नका. घाईचे दिवस मी पोटभर पाहिले आहेत.

माझा जन्म मुंबईचा. एका अरुंद गल्लीतल्या तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला, गळ्यात पातळ पट्टीची जीभ बसवली आणि मागे काळा रबरी फुगा चढवला. फुगा दाबला की हवा आत शिरायची, जीभ थरथरायची आणि मी ओरडायचो, "पोंऽऽ!" पहिल्यांदा ओरडलो तेव्हा समोरच्या दुकानदाराच्या हातातला चहा धोतरावर सांडला. तो चिडला, पण माझा तांबट मात्र जाम खूश झाला. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पुढे मी गुरुदासच्या टॅक्सीवर आलो. गुरुदास मूळचा याच खाडीकाठचा. पोटासाठी मुंबईला गेलेला, परळला एका खोलीत बायको सीता आणि लहानगी लीला यांच्यासोबत राहायचा. टॅक्सीचा विजेचा हॉर्न सारखा रुसायचा, म्हणून त्याने मला दाराबाहेर, उजव्या हाताशी पक्कं बसवलं. मी कधी रुसलो नाही. गुरुदास कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "माझो गडी तो ह्यो!" मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

मुंबईने आम्हाला पोटाला दिलं, हे मी विसरणार नाही. पण तिथले रस्ते! देवा रे देवा! पाण्याच्या नळासाठी रस्ता खणायचा, बुजवायचा, वर डांबर ओतायचं. डांबर वाळतंय न वाळतंय तोच टेलिफोनची माणसं कुदळी घेऊन हजर! ती गेली की गटारवाले. अहो, एकदा सगळ्यांनी मिळून बसा आणि कुठे काय खणायचं ते ठरवा ना! पण नाही. काल ज्या रस्त्याने गेलो, त्याच्या तोंडावर आज 'प्रवेश बंद'ची पाटी. मग सगळ्या गाड्या एकाच बोळात घुसायच्या आणि तिथेच अडकून बसायच्या. पुढचा का थांबला हे मागच्याला ठाऊक नसायचं, तरी मागचा हॉर्न मारायचा. म्हणून त्याच्या मागचाही मारायचा. मीही मारायचो. दिवस मावळला की माझ्या फुग्याला आणि गुरुदासच्या डोक्याला एकदमच कळ लागायची.

लीलाला दमा होता. गाड्यांचा धूर आणि खणलेल्या रस्त्यांची धूळ तिला सोसवत नव्हती. एका दुपारी तिची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. गुरुदासने तिला आणि सीताला टॅक्सीत घातलं आणि दवाखान्याकडे निघाला. अर्ध्या वाटेवर रस्ता खणलेला! गाड्या चिकटून उभ्या. दवाखान्याची इमारत समोर दिसत होती आणि आम्ही जागचे हलत नव्हतो.

गुरुदास माझा फुगा दाबत सुटला. "बाजू द्या हो! पोरीचा जीव घाबरा झालाय!" तो ओरडत होता, मी ओरडत होतो. पण पुढचे, मागचे, शेजारचे, सगळेच ओरडत होते. आमच्या ओरडण्यात एक पोर घुसमटते आहे हे कोणाला कसं कळावं? शेवटी सीता दार उघडून उतरली आणि लीलाला खांद्यावर टाकून गाड्यांच्या फटीफटीतून धावत सुटली. माझ्यासारखा दणकट भोंपू दाराला तसाच लटकून राहिला.

लीला वाचली. थोडक्यात वाचली. डॉक्टर म्हणाले, "हिला या धुरातून बाहेर काढा." सीताने त्याच दिवशी ठरवून टाकलं. गुरुदास म्हणाला, "पण हय एवढी वर्सां झाली..." तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "एवढे पोंगे वाजत होते, पण आयकाक कोण होतो?" टॅक्सी त्याने मालकाच्या हवाली केली. मला मात्र स्क्रू काढून पिशवीत घेतलं. एवढ्या गडबडीत त्याला माझी आठवण राहिली, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

एस.टी.च्या टपावर गाठोड्यांत बसून मी इथे आलो. काय सांगू मित्रांनो, पहिल्या दिवशी इतकं शांत वाटलं की मी बहिराच झालो की काय, अशी शंका आली! गावातून मालवणला जायला खाडी ओलांडावी लागते. रस्त्याने वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून इथे तर आहे. तर म्हणजे माणसांना पैलतीरी नेणारी होडी. ती चालवणारा परशुराम तारी पलीकडच्या काठावर राहतो. इकडच्या माणसाला जायचं असलं की त्याने काठावर उभं राहून कुकारो घालायचा, म्हणजे तोंडाशी हात धरून "कूऽऽऽ" अशी एकच लांब हाक द्यायची आणि थांबायचं. परशुरामानेही तिकडून तसंच उत्तर द्यायचं आणि होडी सोडायची. वाडवडिलांपासूनची रीत. सारखी सारखी हाक मारणं म्हणजे तारी बहिरा आहे असं म्हणणं. ते इथे कोणाला खपत नाही.

पण परशुरामाचं वय होत चाललं होतं, आणि वारा सुटला की हाक वाटेतच विरायची. म्हणून गुरुदासच्या बाबांनी मला काठावरच्या माडाला बांधायचं ठरवलं. अहो, नुसतं बांधलं नाही! नारळ ठेवला, चार माणसं जमवली आणि देवाला रीतसर गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!" बाबा म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"ह्यो पोंगो मुंबयच्या गर्देतसून तुझ्या पायाकडे इलो हा. थय तेचा कोणी आयकला नाय. हय तेची एक हाक वाया जावक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भोंपूसाठी गाऱ्हाणं! मुंबईत मला शिव्याच मिळायच्या. इथे माझ्यासाठी नारळ फुटला आणि खोबरं वाटलं गेलं. मला भरून आलं.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. "पोंऽऽऽ" अशी एक हाक दिली की पलीकडून "कूऽऽऽ" उत्तर यायचं. कोणी बाजाराला जायचं, कोणी माहेराला. लीला शाळेत जाऊ लागली, तिच्या गालांवर रंग आला. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येत. त्यांचे हात शिवशिवत. ते मला "पों पों पों पों" असं बडवत. पलीकडे परशुराम हसून म्हणे, "मुंबयकार इलो वाटता! रवांदे वायच, घाय तेका आसा, माका नाय." आणि मुद्दाम आणखी एक विडी ओढून मगच निघे. इथली माणसं प्रेमळ, पण कोणी घाई लावली की पाय रोवून बसणारी! मलाही त्याची गंमत वाटायची.

पण एकदा तीच गंमत जिवावर बेतली.

वैशाखातला दिवस होता. भाताच्या रोपांचा तरवा पेरायच्या आधी इथे शेतात पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला भाजावळ म्हणतात. त्या दिवशी वारा फिरला आणि साऱ्या भाजावळीचा धूर वाडीत घुसला. भर दुपारी लीलाची छाती पुन्हा तशीच वरखाली होऊ लागली. ओठ काळेनिळे पडले. डॉक्टर मालवणात, होडी पलीकडे. गुरुदास तिला उचलून काठावर धावत आला, मागून सीता. लीलाला सीताच्या मांडीवर देऊन गुरुदासने माझ्यावर झडप घातली.

"पों पों पों पों पों!"

मुंबईने त्याच्या हातात भरलेली घाई अजून गेली नव्हती. मित्रांनो, मला सगळं दिसत होतं. पलीकडे परशुराम पेजेची वाटी घेऊन दारात बसला होता. त्याने मान वर केली, हसला आणि पुन्हा पेज भुरकू लागला. कोणीतरी चाकरमानीच, असं त्याला वाटलं. गुरुदास आणखी जोरात दाबू लागला. तो जितका जोर लावी, तितका परशुराम निवांत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझ्याकडे एकच शब्द! आणि तेवढ्यात फट् असा आवाज झाला. माझा जुना फुगा फाटला.

गुरुदास मटकन खाली बसला. "मेलंय मी आता," तो म्हणाला. "मुंबयत झाला, ताच हय झाला."

सीताने लीलाला त्याच्याकडे दिलं. ती याच खाडीकाठी वाढलेली. तिने मला माडावरून सोडवलं, फाटका फुगा ओरबाडून काढला, माझा गळा तोंडाशी धरला आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा एका दमात माझ्यात फुंकली. उभ्या जन्मात मला रबराची हवा मिळाली होती. माणसाचा श्वास त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला. मी एकच लांब हाक दिली.

मग तिने मला खाली घेतलं.

"अजून वाजव गो! अजून!" गुरुदास रडत म्हणाला.

"थांब," सीता म्हणाली. "तेका आयकांदे."

आम्ही थांबलो. लीलाच्या घशातली घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि पलीकडे परशुरामाने पेजेची वाटी खाली ठेवली. तो उठून उभा राहिला. ही चाकरमान्याची पोंपों नव्हती. ही आपल्या माणसाची हाक होती. त्याने तोंडाशी हात नेला.

"कूऽऽऽ!"

एवढं गोड उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

होडी आली. मांडीवर निपचित पडलेली लीला पाहून परशुरामाचा चेहरा पडला. "माका काय म्हायत गो! माका वाटला, कोणतरी चाकरमानी हात साफ करता..."

"आता बोलाचा रवांदे परसूदादा, होडी सोडा," सीता म्हणाली. मी तिच्या हातातच राहिलो होतो.

परशुरामाने होडी आपल्या घराकडे न नेता खाडीतून थेट मालवणकडे वळवली, पण ओहोटी लागली होती. खाडीत पाण्याची एकच अरुंद वाट उरली होती, आणि त्या वाटेत रेतीने भरलेल्या होड्या एकामागे एक उभ्या! तीच मुंबई, तोच खोळंबा, पुढे मालवण दिसतंय आणि वाट बंद. सीताने मला पुन्हा तोंडाशी धरलं आणि एक लांब हाक दिली. सगळ्यात पुढच्या होडीवरचा हरिश्चंद्र मागे वळला. त्याने लीलाला पाहिलं. एक शब्द न विचारता त्याने वल्हं रोवलं आणि आपली भरलेली होडी बाजूच्या चिखलात घातली. त्याच्या मागच्यानेही घातली. मग तिसऱ्याने. ओहोटीत चिखलात गेलेली जड होडी भरती येईपर्यंत हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पूर्ण दिवसाचं काम गेलं.

"जा रे गुरुदास!" हरिश्चंद्र ओरडला. "आमी भरतेर येतंव सावकाश!"

आमची होडी त्या सगळ्यांच्या मधून सरळ निघाली. दोन्ही बाजूंना माणसं गुडघाभर चिखलात उभी राहून हाताने आमची होडी पुढे ढकलत होती. गुरुदास दोन्ही बाजूंना हात जोडत होता. डॉक्टरांनी वेळेवर इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी भरतीच्या पाण्यावरून लीला आईच्या कुशीत झोपून परत आली. हरिश्चंद्राची आणि बाकीच्यांच्या होड्या तेव्हा कुठे चिखलातून सुटत होत्या. बाबा काठावर नारळ घेऊन उभेच होते.

आता खाडीवर पूल होणार म्हणतात. माप घेणारी माणसं येऊन गेली. पूल जरूर व्हावा, कोणाचीही लीला ओहोटीत अडकू नये. फक्त तो बांधण्याआधी काठावरच्या माणसांना दोन शब्द विचारा, एवढंच माझं म्हणणं. आणि मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन गाड्या चालवाल. हॉर्नवर हात जाईल तेव्हा मला आठवा. उगाच ओरडू नका, म्हणजे खरोखर अडलेल्याची हाक ऐकू येईल. आणि ती ऐकू आली तर तुमची होडी चिखलात गेली तरी जाऊ द्या.

फुगा फाटल्यापासून मी माडावरून पडवीत आलो; आता माझं संध्याकाळचं काम सांगतो. गुरुदास पलीकडे मालवणात रिक्षा चालवतो. हॉर्न क्वचितच मारतो, म्हणून गिऱ्हाइकं त्याला हसतात. दिवेलागणीच्या आधी लीला मला खुंटीवरून काढते, काठावर नेते आणि वडिलांना घरी बोलावण्यासाठी छाती भरून माझ्यात फुंकते. एकच हाक, पण लांब. सीता चुलीपुढून उठून दारात येते, ती फक्त तो श्वास ऐकायला. हाक संपली की लीला मला खाली घेते. आम्ही सगळे गप्प राहतो.

आणि पलीकडून गुरुदासचं उत्तर येतं.

"कूऽऽऽ!"