पिंप परत आणा

मी असारमान राईच्या खोपटातला, ओढ्याकाठच्या भिंतीवर टांगलेला, वीज सांभाळणारा करडा डबा. एरवी कुणाशी बोलत नाही. आज बोलतोय, कारण पिंप जागेवर नाही.

मला घडवलं ते उन्हासाठी. पहिली काही वर्षं मी वाटेवरच्या एका लॉजच्या छपराखाली होतो. वर सौर पाट्या, खाली बॅटऱ्या, मध्ये मी. किती ओढलं म्हणजे सगळ्यात जास्त वीज मिळेल, ते सतत चाचपत राहायचं. बॅटऱ्या भरल्या की विजेला दार लावायचं. ऊन बिचारं पाट्यांवर गप्प पडून राही.

लॉज बंद पडलं. असारमानने मला पाठीवरच्या टोपलीत मुळ्यांबरोबर घालून इथं आणलं आणि मिस्त्रीकडून ओढ्यावरच्या, वीज करणाऱ्या चाकाला जोडून घेतलं.

पाण्याचं तसं नसतं. मी दार लावलं की चाकावरचा भार जातो आणि ते उधळतं. तेव्हा जो विजेचा दाब येतो तो मला सोसत नाही. म्हणून मिस्त्रीने शेजारी पाण्याचं पिंप ठेवलं, त्यात तापणारी सळई सोडली. उरलेली वीज तिकडे वळते आणि चाक आवरतं. मिस्त्री हे सगळं सांगून गेला. गावाला फक्त गरम पाणी लक्षात राहिलं.

आज उभौली, आमचा वैशाखातला सण. साकेलाचा फेर धरून नाचायला वरची वस्तीही येणार, म्हणून जाँड, नाचणीची दारू, जास्त लागते. सकाळी असारमानने सळईची तार सोडली, पिंप रिकामं केलं आणि आंबवलेली नाचणी भरायला उचललं.

सुईण जस्माती दारात उभी होती. "दादा, ते नेऊ नका. तुमच्याच सुनेला कळा सुरू झाल्यात. दिवा गेला तर मी काय चाचपडत बसू?"

"बॅटऱ्या भरल्यात, बहिनी. पाणी तापवून काय कोंबड्या सोलायच्यात? गेल्या उभौलीला नेलंच होतं की. काय झालं?"

"तेव्हा ओढा तुमच्यासारखा होता. अर्धा झोपलेला."

तो हसला आणि पिंप घेऊन गेला.

आता दिवस कलतोय. डोंगरावर गारांचा पाऊस पडलाय. ओढा गढूळ होऊन फुगत चाललाय. बॅटऱ्या काठोकाठ आहेत. सुनेच्या खोलीतला दिवा माझ्यातूनच जळतो, पण तो एवढासा. तो किती वीज पिणार? मी दार लावू लागलोय. दुसरं मला येत नाही.

चाकाचा आवाज चढलाय. एरवी तो जरा बदलला तरी असारमान हातातला घास टाकून धावत येतो, वरचं फाटक पाडून पाणी तोडतो. पण अंगणात ढोल वाजतोय. असारमानच वाजवतोय.

माझ्या आतून जळका वास येऊ लागलाय. पलीकडे जस्माती म्हणतेय, "घाबरू नकोस पोरी, उजेड आहे ना." आणि दिव्याकडे बघतेय.

असारमान, एकदाच ढोल थांबव. ऐक.