ऊन खाल्लेली चिप

जनवाड्याच्या बौद्ध वस्तीत पार्वतीबाईंचा शब्द खाली पडलेला कोणी पाहिला नव्हता. विहाराची भिंत कोणत्या अंगाने उचलावी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या खिरीत गूळ किती पडावा, कोणत्या सुनेने बालवाडीवर जावे आणि कोणी शिवणयंत्र घ्यावे, हे त्या सांगत आणि वस्ती ते करी. म्हणून त्या वर्षी जयंतीच्या बैठकीत अध्यक्ष पिराजीअण्णांनी नेहमीप्रमाणे बिदरहून रोषणाईची कमान भाड्याने आणण्याची गोष्ट काढली, आणि पार्वतीबाई पदर सावरून उभ्या राहिल्या, तेव्हा मागची कुजबुज आपोआप थांबली.

"ती कमान काल कुणाच्या तरी लग्नात असती, उद्या कुणाच्या तरी दुकानावर," त्या म्हणाल्या. "मधल्या एका दिवसापुरती ती आपली. औंदा भाड्याचा उजेड नको. माझी शोभा पाटी करायलीय. तिच्यावर निळी अक्षरं चालत जातील."

"चालत जातील म्हंजे?" पिराजीअण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "अक्षरांना पाय फुटलेत का अक्का?"

"तुला फुटलेत न्हवं? मग तूबी त्यांच्या मागं चाल."

बैठक हसली. कमान रद्द झाली. दुसऱ्याच दिवशी संतपूरच्या मंडळींनी तीच कमान आपल्या जयंतीसाठी सांगून ठेवली, आणि जनवाड्याचा परतीचा रस्ता बंद झाला. पाटी चालली नाही तर मिरवणूक अंधारात निघणार होती, आणि तो अंधार पार्वतीबाईंच्या नावावर मांडला जाणार होता.

शोभा ही त्यांची थोरली. डिप्लोमा करून बिदरच्या टेलिफोन खात्यात लागलेली. दिवसा ती सरकारचे टेलिफोन जोडी आणि घरी आली की स्वतःच्या हौसेचे काहीबाही. खिडकीशी मांडलेल्या तिच्या टेबलावर तारांची भेंडोळी, डाग देण्याची सळई आणि राळेचा वास कायमचा मुक्कामाला होता. टाकी भरली की ओरडणारा भोंगा तिने केला होता. तो पहिल्यांदा ओरडला तेव्हा शेजारची म्हैस दावे तोडून पळाली होती. ही पाटी मात्र त्या सगळ्यांची आई होती. हैदराबादेत कोठीच्या बाजारात शोभाला एक मायक्रोकंट्रोलर मिळाला होता. बोटाएवढी काळी चिप, अंगाला झुरळासारखे पाय. हिशेब करण्याची आणि सांगितलेले ध्यानात ठेवण्याची, दोन्ही सोयी तिच्या एकाच पोटात. कोणता दिवा कधी लावायचा आणि कधी विझवायचा, हे एकदा तिच्यात भरले की माणसाने हात लावण्याचे कारण नव्हते.

इंग्रजी अक्षरे सात ओळींत बसतात, असे शोभाच्या पुस्तकात होते. पण 'भीम' लिहायचे तर वेलांटीला डोक्यावर जागा हवी. "आपल्या अक्षराला मुकुट असतो, माय," असे म्हणून तिने दिव्यांच्या ओळी वाढवल्या, विजेरीतले छोटे दिवे एकेक करून बसवले आणि वरून निळा जिलेटिन कागद ताणला.

चिपेच्या पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी होती. भरलेले चुकले की ती खिडकी उघडी ठेवून चिप उन्हात टाकायची. आठ-दहा दिवसांच्या कडक उन्हाने आतले सगळे पुसले जाई आणि पुन्हा नव्याने भरता येई. पुसण्यासाठी वेगळा दिवा मिळतो, पण तो शोभाजवळ नव्हता; बिदरचे ऊन होते. म्हणून पार्वतीबाईंच्या गच्चीवर त्या उन्हाळ्यात कुरडयांच्या शेजारी ताटलीत दोन चिपा वाळत पडत, आणि कावळे हाकलायला स्वतः पार्वतीबाई काठी घेऊन बसत.

"हे कामून करायलीस गं?" त्यांनी एकदा विचारले होते.

"ऊन लागलं की ताजी होती, माय," शोभा घाईत म्हणाली होती आणि बस पकडायला धावली होती.

एवढे उत्तर पार्वतीबाईंना पुरले. ज्वारी ऊन खाते, गाद्या ऊन खातात, तशी ही चिपही ऊन खाते. आत काही लिहिले की शोभा खिडकीवर काळी चिकटपट्टी लावते, ते त्यांनी पाहिले होते. धूळ बसू नये म्हणून लावत असेल, असे त्यांनी धरले.

जयंतीचा दिवस उजाडला. वस्ती पांढऱ्या कपड्यांत न्हाऊन निघाली. दुपारी पाटी विहाराच्या अंगणात आणली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ती अशी उभी केली की अक्षरांचे तोंड भिंतीच्या सावलीकडे आणि पाठ उन्हाकडे. आतले जिन्नस तापू नयेत म्हणून शोभाने मागचे झाकण काढून ठेवले आणि ती जनित्राची वायर जोडायला गेली. पार्वतीबाई मागच्या अंगाला आल्या. ओल्या फडक्याने त्यांनी चौकट पुसली आणि मग त्यांची नजर त्या काळ्या चिकटपट्टीवर गेली. बाबासाहेबांसाठी निघालेल्या पाटीवर ठिगळ? शिवाय पुढे रात्रभराचा प्रवास. निघण्याआधी बिचारीला थोडे ऊन मिळू दे. त्यांनी नखाने पट्टी सोलली आणि समाधानाने बाजूला झाल्या.

जनित्र सुरू झाले. शोभाने बटण दाबले. पाटीवर निळे ठिपके भांबावलेल्या मुंग्यांसारखे पळाले आणि थिजून उभे राहिले. तिने बंद करून पुन्हा लावले. एक वेलांटी चमकली आणि गेली. काल घरात तासन्‌तास चाललेली पाटी अंगणात येऊन मुकी झाली होती.

"पाय थकले काय अक्षरांचे?" पिराजीअण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात मजा कमी आणि काळजी जास्त होती. "अक्का, पाहुणे यायलेत. उद्घाटन तोंडावर आलं. जनवाड्याची शोभा करायली का तुमची शोभा?"

लेकीच्या कपाळावरचा घाम पार्वतीबाईंना दिसत होता आणि तो पुसायला जावे की नाही, हेही कळत नव्हते. त्या फक्त ताठ उभ्या राहिल्या. आपण वाकलो तर शोभा मोडेल, एवढे त्यांना ठाऊक होते.

"जनित्राचा दाब बरोबर हाय," शोभा पुटपुटली. "तारा बरोबर हायत. मग काय बिघडलं?"

"बघू तरी काय भानगड हाय," म्हणत पिराजीअण्णा ट्रॉलीच्या मागे आले आणि आपला भारदस्त देह वाकवून आत डोकावले.

पुढून पोरीबाळी ओरडल्या. पाटीवर 'जय भीम' चालू लागले होते. मुकुटासकट, वेलांटीसकट, उजवीकडून डावीकडे, डौलात.

"म्या हात लावला न्हाई," अण्णा दचकून मागे सरले. अक्षरे थिजली.

"अण्णा, पुन्हा वाका," शोभा म्हणाली.

ते वाकले. अक्षरे चालली.

"सरका."

ते सरकले. अक्षरे थांबली.

"हे काय चालवलंय पोरी? कवायत घ्यायलीस का माझी?"

शोभाने आता आत पाहिले. उन्हाची तिरीप थेट चिपेच्या उघड्या खिडकीत पडली होती. "पट्टी कुठं गेली? ऊन आत शिरलं की हिला काही सुधरत न्हाई. पट्टी कुणी काढली?"



"मी काढली," पार्वतीबाई म्हणाल्या. आवाज बैठकीत असतो तेवढाच मोठा. "ऊन लागलं की ताजी होती म्हणलीस. म्हणून दिलं ऊन."

"माय, ताजी म्हंजे कोरी. लिहिलेलं पुसून कोरी."

"मग सरळ कोरी म्हणायचं. आता पुसलं का समदं?"

"न्हाई. पुसायला आठ दिवस लागतात. आता नुसती दिपली होती."

पार्वतीबाईंनी श्वास सोडला, पण तो कोणाला दिसू दिला नाही. "पिराजी, तू हलू नको. शोभे, पट्टी आण." आणि पिराजीअण्णांच्या सावलीत उभे राहून त्यांनी आपल्या हाताने नवी पट्टी खिडकीवर दाबून बसवली. मग त्या वळल्या.

"माझा सासरा सांगायचा, गावात आमची सावली पडली तर लोक अंघोळ करायचे," त्या जमलेल्यांना म्हणाल्या. "आज आपल्या सावलीनं यंत्र चाललं. ध्यानात ठेवा."

"सावलीचं भाडं घेतो मग," पिराजीअण्णा म्हणाले, आणि अंगणात हास्याचा लोट उठला.

मिरवणूक उजेड असतानाच निघाली आणि पेठेत शिरेपर्यंत दिवस मावळला. हलगीच्या कडकडाटात निळी अक्षरे अंधारावर उमटत पुढे सरकत होती. आधी मराठीत, मग कानडीत, कारण शोभाने दोन्ही भरली होती. गच्च्यांवर बायका उभ्या होत्या. ज्यांना वाचता येत होते ते न येणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. दरवर्षी ट्रॉलीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारची खुर्ची अध्यक्षांची असे. पिराजीअण्णांनी ती रिकामी केली.

"शोभे, वर बस."

"मी कशाला, अण्णा?"

"बस म्हणतो न्हवं. पाटी बंद पडली तर दुरुस्तीला तूच लागणार, आन्‌ चालली तर लोकांनी बघायचंबी तुलाच."

किराणा दुकानदार विरुपाक्ष दाराशी येऊन हात जोडून उभा होता. "अक्का, हे कुठून मागवलं? बंगळूरहून का हैदराबादहून?"

"माझ्या घरातून," पार्वतीबाई म्हणाल्या.

ट्रॅक्टरवाल्याने वेग वाढवला, तशा त्या सरळ ट्रॅक्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केला. हलगी थांबली. मागची सगळी मिरवणूक थांबली.

"अक्का, उशीर व्हायलाय," कोणीतरी म्हणाले.

"व्हऊ दे. पेठेतल्या शेवटच्या माणसाचं वाचून झाल्याबिगर ही पाटी पुढं जाणार न्हाई."

आणि जनवाड्याची भरली पेठ, मान वर करून, वाचत उभी राहिली.