समोरच्याला मत

आमचा वॉर्ड आता राहिलेला नाही. मागच्या वर्षी हद्दी बदलल्या. अर्धा वॉर्ड कालव्यापलीकडे जोडला, अर्धा स्टेशनच्या बाजूला, आणि आमचं घर नेमकं कुठे गेलं ते पाणीपट्टीचं बिल आल्यावर कळलं. मग वाचनालयातल्या बाईंनी यांच्याकडे वॉर्डाच्या निवडणुकांचा इतिहास मागितला, भिंतीवर लावायला. यांनी अर्धं पान लिहून दिलं: कोणत्या वर्षी कोण जिंकलं, कोण हरलं. त्यात चुकीचं काही नाही, पण ते वाचून कोणाला काही कळेल असंही नाही. म्हणून उरलेलं मी सांगते.

हे म्हणजे माझे यजमान. यांची चौकात ड्रायव्हिंग स्कूल होती. वॉर्डाचे पहिले नगरसेवक एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी वॉर्डासाठी काही केल्याचं कोणाला आठवत नाही, पण त्यांच्याविरुद्ध उभं राहायची छाती कोणाची झाली नाही, कारण उभे राहू शकणारे सगळे एकेकाळी त्यांच्या वर्गात अंगठे धरून उभे राहिलेले होते. ते गेले तेव्हा पोटनिवडणूक लागली आणि दोन अर्ज आले. एक यांचा आणि दुसरा रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानदाराचा. त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत.

वॉर्डात तेव्हापासून सरळ दोन तट पडले, आणि त्यांचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. यांच्याकडे शिकून जे पास झाले ते आमचे. जे नापास झाले ते चष्मेवाल्यांचे. कारण नापास झालेला माणूस आधी डोळ्यांना दोष द्यायचा आणि रस्ता ओलांडून चष्मा करून घ्यायला जायचा. तिथे त्याला खुर्चीत बसवून, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवून, एकेक काच बदलत चष्मेवाले विचारायचे, "आता स्पष्ट दिसतंय? आणि गाडी कोणी शिकवली म्हणालात?"

चष्मेवाल्यांची जीभ तिखट होती. माणूस सरळ, पण बोलला की समोरच्याचा पाणउतारा व्हायचाच. निवडणुका हरायला तेवढं पुरतं.

पोटनिवडणुकीच्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यांची गाडी सुरू होईना. मतदान केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत, चढावर. यांनी शिकवणीची गाडी त्यांच्यासमोर उभी केली आणि म्हणाले, "बसा." शिकवणीच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. चष्मेवाले प्रत्येक वळणावर तो दाबत होते. शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत दोघांची माथी काचेला आपटून झाली होती.

"एक सांगू का?" चष्मेवाले म्हणाले. "स्वतःच्याच नावापुढे शिक्का मारायचा म्हणजे मला कसंतरीच होतं."

"मलाही," हे म्हणाले.

"मग असं करू. मी तुम्हाला देतो, तुम्ही मला द्या. फरक काहीच पडत नाही, आणि लाजही वाटत नाही."

हे घरी आले ते मोठा पराक्रम केल्यासारखे. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्यांनी तुम्हाला नाही दिलं तर?"

"अगं, शब्द दिलाय त्यांनी."

"मतपेटीत शब्द पडत नाही, कागद पडतो."

पण यांना सांगून काही उपयोग नसतो. पुढे प्रत्येक निवडणुकीला दोघं त्याच गाडीतून जायचे, चष्मेवाले ब्रेक दाबायचे, हे ओरडायचे, आणि आत जाऊन एकमेकांना मत देऊन यायचे. मी मात्र न चुकता यांनाच मत देत आले. यांनी उधळून टाकलेलं मत घरातल्या कोणीतरी भरून काढायला हवं की नको?

पलीकडच्या घरातही हाच उद्योग चालायचा, हे मला रांगेत कळलं. चष्मेवाल्यांच्या बायकोला सगळा वॉर्ड वहिनी म्हणायचा. त्या माझ्यापुढे उभ्या होत्या. मागे वळून म्हणाल्या, "आमच्यांनी आज पुन्हा तुमच्यांना दिलं असेल."

"आणि आमच्यांनी तुमच्यांना."

"मग आपण दोघी आहोत ते बरं आहे," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. आमची मैत्री म्हणाल तर एवढीच होती, पण मी ती कधी विसरले नाही.

दर निवडणुकीला हे जिंकायचे. एकदा बाकांवर जिंकले. वॉर्डभर बसायला बाक देतो म्हणाले आणि खरंच दिले. त्यातले दोन ठेकेदाराने भिंतीकडे तोंड करून पक्के केले, ते तसेच राहिले. मधे एकदा लायसन्सची परीक्षा अवघड झाली, नापासांची संख्या वाढली, आणि आम्ही जेमतेम तरलो. प्रचार म्हणजे जिने चढायचे. हे पुढे, पत्रकं घेऊन मी मागे, आणि माझे गुडघे सगळ्यांत मागे. दर दोन दारांमागे एका दारात ठरलेलं वाक्य ऐकू यायचं: "माझ्या एका मताने काय होणार आहे?" बेकरीच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहणारा घड्याळजी तर हे वाक्य दार उघडायच्या आधीच बोलायचा. मग हे एका मताच्या किमतीवर लांबलचक बोलत सुटायचे. खरं सांगायचं तर मी मनातून घड्याळजीच्या बाजूची होते.

मग एका हिवाळ्यात चष्मेवाले गेले. दुकानातच, खुर्चीत बसल्याबसल्या. त्या संध्याकाळी हे शिकवणीची गाडी दारात लावून काचा वर करून रडत बसले. मी खिडकीतून पाहिलं आणि खाली गेले नाही. काही गोष्टी माणसाला एकट्याने करू द्याव्यात.

पुढची निवडणूक आली तर अर्ज यांचा एकट्याचाच. मी खूश झाले. जिने नाहीत, पत्रकं नाहीत. हे मात्र जेवताना घास चिवडत बसायचे.

"झालंय काय तुम्हाला?" मी शेवटी विचारलं.

"बिनविरोध येणार मी."

"मग पेढे वाटू की सुतक पाळू?"

"तुला कळत नाही," हे म्हणाले. "इतक्या वेळा निवडून आलो, पण लोकांनी मला निवडलं की चष्मेवाल्यांच्या जिभेला घाबरून त्यांना पाडलं? मला कधी कळलंच नाही. आता बिनविरोध आलो तर कधीच कळणार नाही."

"कळून करायचंय काय?"

"मला कळायला हवंय गं."

एवढ्या वर्षांत यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी हे रस्ता ओलांडून निघाले तेव्हा मी अडवलं नाही, सोबत गेले. एकटे गेले असते तर काय बोलून बसले असते कोण जाणे.

दुकान आता वहिनी चालवत होत्या. बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होत्या.

"वहिनी, तुम्ही माझ्याविरुद्ध उभ्या राहा," हे म्हणाले. प्रस्तावना वगैरे काही नाही.

वहिनींनी मान वर केली. "भाऊजी, लोक मत मागायला येतात. तुम्ही विरोधक मागायला आलात?"

"हो."

वहिनी हसल्या. त्या हिवाळ्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "आणि मी निवडून आले तर?"

"तर वॉर्डाला तुम्ही मिळाल."

त्यांनी स्क्रू घट्ट केला, काच पुसली. "बरं. उद्या भरते अर्ज." सूचक म्हणून सही करायलाही हेच निघाले होते. निवडणूक कचेरीतल्या माणसाने कपाळावर हात मारला, तेव्हा कुठे ऐकलं.

मी समजले होते, वहिनी नावापुरत्या उभ्या राहतील. पण त्या जिने चढल्या. भाषण केलं नाही, आश्वासन एकच दिलं: भिंतीकडे तोंड केलेले दोन बाक फिरवून देईन. लोक पोट धरून हसले आणि लक्षात ठेवलं. शिवाय एक गोष्ट आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. वॉर्ड म्हातारा झाला होता. यांच्याकडे शिकून पास झालेल्यांनीच गाड्या विकून टाकल्या होत्या, आणि चष्मा आता पास-नापास सगळ्यांनाच लागला होता.

मतदानाच्या सकाळी यांनी गाडी धुतली आणि चष्म्याच्या दुकानासमोर उभी केली. वहिनी पुढे बसल्या, मी मागे. वहिनींनी ब्रेकला पाय लावला नाही. वळणांवर हे सवयीने काचेवर आपटायच्या तयारीत बसायचे आणि काहीच व्हायचं नाही. मला ते बघवेना.

फाटकाशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला ठाऊक आहे बरं का. या गाडीतून गेलं की मत समोरच्याला. त्यांनी मला कितीदा सांगितलंय."

यांनी नुसती मान हलवली.

वहिनी आत जाऊन आल्या. हे जाऊन आले. मग मी गेले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिक्का हातात घेऊन उभी राहिले, आणि जो हात वर्षानुवर्षं आपोआप यांच्या नावावर जायचा तो गेला नाही. यांचं मत वहिनींना गेलं होतं, ते मी भरून काढणार. वहिनींचं मत यांना गेलं होतं. ते कोण भरून काढणार? भरून काढायला त्यांच्या घरात आता कोणीही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांना सोडायला हे दुकानाशी गाडी थांबवतील, आणि वर जाऊन त्या एकट्याच बसतील. एका मताने काय होणार आहे, असं मी म्हटलं, अगदी घड्याळजीसारखं, आणि शिक्का वहिनींच्या नावापुढे मारला.

मोजणी तिथेच, व्यायामशाळेत. छताला चढायचे दोर बांधून वर गुंडाळलेले, खाली टेबलांवर गठ्ठे. अधिकाऱ्याने पहिल्यांदा आकडा सांगितला तेव्हा कोणाला खरं वाटलं नाही. पुन्हा मोजायला लावलं. तिसऱ्यांदाही तेच आलं. वहिनी एका मताने विजयी.

ते एक मत कोणाचं, ते तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं.

हे उठले, वहिनींकडे गेले, हात जोडले. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. "भाऊजी, मी तुम्हालाच दिलं हो," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. अधिकारी खोकला.

"माहीत आहे वहिनी," हे म्हणाले. आणि यांच्या चेहऱ्यावर हरलेल्या माणसाचं काहीच नव्हतं. शब्द पाळला गेला यातच यांना सगळं मिळालं होतं.

वहिनींना लोकांनी घेरलं. आम्ही दोघं गाडीत येऊन बसलो, मी पुढे. यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मी वहिनींना," हे स्वतःशीच म्हणाले. "वहिनी मला. तू मला."

"तू मला," हे पुन्हा म्हणाले, आणि या वेळी माझ्याकडे वळून.

"वहिनींचं मत भरून काढायला त्यांच्या घरात कोण होतं?" मी म्हटलं.

तेवढ्यात कोणीतरी काचेवर टकटक केलं. बेकरीवरचा घड्याळजी. यांनी काच खाली केली.

"अरेरे, एका मताने!" घड्याळजी हळहळला. "आधी कळलं असतं तर आलो असतो हो मी."

"असू द्या," हे म्हणाले आणि काच वर केली.

मला माफी मागायची नव्हती, पण यांचा हात धरावासा वाटत होता. धरला नाही.

"मला विचारायचं होतंस," हे म्हणाले.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दे म्हटलं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे तू मला दिलं असतंस तर मी एका मताने जिंकलो असतो."

"हो."

"म्हणजे वॉर्डाने मला निवडलं होतं."

"निवडलं होतं," मी म्हटलं. "मी पाडलं."

यांनी मान हलवली. जे कळायला हवं होतं ते कळलं होतं, आणि ते सांगायला जगात माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. यांनी गाडी सुरू केली. फाटकाबाहेरच्या उताराला वळण आलं आणि माझा पाय खालच्या ब्रेकवर केव्हा गेला ते मलाही समजलं नाही. गाडी धक्का खाऊन थांबली, यांचं डोकं काचेवर आपटलं.

मला वाटलं, आता यांचा बांध फुटणार. पण हे कपाळ चोळत शेजारच्या सीटकडे बघत राहिले, माझ्याकडे नव्हे, आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वळणालाही दाब."