कोपरे

“ह्या पात्याक आवाज ना,” सगुण रोटाव्हेटरखालून म्हणाला.

म्हापशातल्या दुकानाच्या आवारात गोणपाट अंथरून तो उताणा पडला होता आणि हातातल्या पान्याने एकेका पात्यावर टकटक करत होता. दुकानातला साईश इस्त्रीचा शर्ट सांभाळत वर उभा होता. त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“बाबा, हें नांगरपाचें. वाजोवपाचें न्हय.”

खुर्चीत बसून लिंबूसोडा पिणारे गुरुदास यावर खो खो हसले. गुरुदास म्हणजे भोमवाडीच्या शेतकरी मंडळाचे अध्यक्ष. हसण्यासारखे काही असले की ते हसत, आणि नसले तर शेजारच्या माणसाला हसत. पेडण्याकडच्या त्या लहानशा वाडीत मंडळाचा पहिला लहान ट्रॅक्टर येणार होता. ट्रॅक्टर कुठला घ्यायचा ते सरकारी योजनेच्या कागदावर आधीच ठरले होते. त्याच्यामागे लावायची अवजारे मात्र मंडळाने निवडायची होती, आणि मंडळात अवजारातले कळणारा माणूस एकच होता. तो आत्ता गोणपाटावर पडला होता.

सगुणाने खिशातून जुन्या कानशीचा तुकडा काढला आणि पात्याच्या धारेवर ओढला. कानस लोखंडात शिरली. त्याने तोंड वाकडे केले.

“चावता बघ. बऱ्या पात्यार कानस घसरता. हीं पातीं आमच्या चिरेमातीत पंदरा दिसांत चमच्यासारखीं जातलीं.”

“पण हो साडेचार फूट आसा,” गुरुदास म्हणाले. त्यांना तो रुंद, लालभडक रोटाव्हेटर मनापासून आवडला होता. “दिसता कसो, राजासारको!”

“दिसता बरो, गुरुदासबाब. पण ट्रॅक्टर आमचो अठरा घोड्यांचो. इतको जड फाटसून लावलो तर मेरेर चडताना फुडचीं चाकां वयर उखलतलीं. बसलेलो मनीस फाटीं पडतलो, आनी फाटीं काय आसा? हींच पातीं.”

शेताची मेर, म्हणजे बांध, गुरुदासांच्या डोळ्यांसमोर आली आणि त्यांनी सोड्याचा घोट जरा जपून गिळला.

मग सगुणाने जे सुरू केले ते तीन तास संपले नाही. आवारात उभ्या असलेल्या मंडळाच्या ट्रॅक्टरच्या एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत त्याने विती मोजल्या. अवजार तेवढेच रुंद हवे. कमी असले तर चाकांचा माग राहतो आणि जास्त असले तर इंजिन कुंथते. साखळीवर चालणारे त्याने बाजूला सारले आणि गिअरवाले पुढे ओढायला लावले, कारण चिखलात साखळी एक हंगाम टिकत नाही. फिरत्या दांड्याच्या टोकाशी नख घालून त्याने रबरी सील तपासले. चिखलणीच्या लोखंडी चाकांचा प्रत्येक सांधा त्याने बोटांनी चाचपला, मग डोळे अगदी जवळ नेऊन पाहिला, कारण बोटांचा त्याला आता तितकासा भरवसा उरला नव्हता. दोन सांधे नुसते रंगाने झाकलेले निघाले. साईश सुरुवातीला जांभया देत होता, मग चिडला, आणि शेवटी मुकाट्याने आतल्या गोदामातून बिनरंगाचा, साधा दिसणारा साडेतीन फुटी रोटाव्हेटर ढकलत घेऊन आला. सगुणाने पात्यावर पाना मारला. देवळातल्या घंटेसारखा नाही, पण तांब्याच्या कळशीसारखा स्वच्छ आवाज आला.

“होच,” सगुण म्हणाला, आणि लग्नातल्या नवऱ्यामुलासारखा लाजला.

हे सगळे चालू असताना गुरुदासांचा भाचा प्रवीण त्याच्या पाठीपाठी होता. प्रवीण अठ्ठावीस वर्षांचा होता. शिरगावच्या खाणीवर तो खनिजाचा ट्रक चालवायचा. तिथले काम बसल्यापासून मामाकडे आला होता. अवजारे गाडीत चढवायला माणूस लागेल म्हणून त्याला आणले असावे, अशी सगुणाची समजूत झाली. पोरगा मोठा गुणी निघाला. प्रत्येक गोष्ट विचारत होता.

“काका, ह्या दांड्यार हें झाकण कित्याक?”

“दांडो फिरता तेन्ना धोतराचो सोगो, लुंगी, कितेंय ओढून घेता. मागीर हात. झाकण नाय तो घेवचोच नाय.”

“आनी काका, खोल किती घालचो?”

“पयल्या फेऱ्याक चार बोटां. दुसऱ्याक आठ. एकदम खोल घातलो तर माती फोडना, गुठळे उडयता.”

सतरा वर्षांत सगुणाला कुणी काही विचारले नव्हते. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढले. आपल्याला ठाऊक होते ते त्याने त्या दुपारी सगळे देऊन टाकले. गिअर बदलताना कान कसा लावायचा, कोणत्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, खडक कुठे दडला आहे, वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेतात पाणी किती ठेवायचे, सगळे. प्रवीणने मधेच ट्रॅक्टरवर चढून सीटवर दोन उड्या मारल्या.

“स्प्रिंग बरी आसा, काका! बसून बघ मरे!”

“मागीर,” सगुण म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

त्याला त्या सीटकडे बघवत नव्हते, इतकी ती हवी होती. मंडळाच्या जुन्या पॉवर टिलरमागे तो सतरा वर्षे चालला होता. टिलरला सीट नसते. दोन लांब मुठी धरून गुडघाभर चिखलात त्याच्यामागे चालायचे, आणि यंत्राची थरथर हातांतून खांद्यांत, खांद्यांतून दातांत. उभ्या वाडीची शेते तो असा पायी नांगरत आला होता. आता उजव्या हाताची तीन बोटे बधिर झाली होती. पानाला चुना लावताना किती लागला ते त्याला कळत नसे, आणि हंगामात सदऱ्याची बटणे त्याची बायको सुशीलाच लावून देई. कुणी विचारलेच तर तो म्हणायचा की सदरा नवा आहे, काजे घट्ट आहेत. तो सदरा सहा वर्षांचा होता.

ट्रॅक्टर त्याला मिळणार असे खरे तर त्याला कुणीच म्हटले नव्हते. मंडळाच्या बैठकीत गुरुदास एवढेच म्हणाले होते, “सगळें सगुणाच्या हातांतल्यान जांव दी.” हातांतून जाणे आणि हातांत राहणे यात केवढे अंतर आहे, हे सगुणाच्या ध्यानात आले नाही. घरी पोचेपर्यंत तो मनाने सीटवर बसलाही होता.

“बसान?” सुशीलाने विचारले होते.

“बसान.”

“दिसभर?”

“दिसभर.”

“मागीर पोट सुटतलें तुजें,” ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. त्या घरात हसू फार दिवसांनी आले होते.

पावसाळी भात कापून झाले, वायंगणाच्या मळ्यात पाणी सोडले, आणि ट्रॅक्टर शेतात उतरवायचा दिवस ठरला. सकाळी सगळी वाडी मळ्याच्या कडेला सातवणीच्या झाडाखाली जमली. तिथे राखणदाराचा, म्हणजे मळा राखणाऱ्या देवाचा, पाषाण आहे. ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली होती, मागे बिनरंगाचा रोटाव्हेटर जोडला होता. पाषाणासमोर केळीच्या पानावर नारळ, विडा आणि रोट मांडला होता. गाऱ्हाणे घालायला सगुण पुढे झाला. हा मान त्याच्या घराण्याचा. बापामागून तो त्याच्याकडे आला होता. बटणे सुशीलानेच लावून दिली होती, आणि त्या दिवसासाठी सदऱ्याला नीळ जरा जास्तच घातली आहे हे दिसत होते.

गाऱ्हाणे म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे बोलणे. त्याचे दोन नियम सगुणाच्या बापाने त्याला लहानपणीच शिकवले होते. एक, घालणाऱ्याचे तोंड त्या वेळी त्याचे नसते, गावाचे असते. आपल्या मनचे त्यात काही घुसडायचे नाही. दुसरा, एकदा सुरू केलेले गाऱ्हाणे मधे तोडायचे नाही. तोडले तर जे मागितले ते उलटते, आणि उलटते ते सगळ्यांवर.

सगुणाने टोपी नीट केली आणि हात जोडले.

“बा राखणदारा म्हाराजा! ह्या मळ्याच्या, ह्या पाण्याच्या, चारय शिवेच्या धनया! आज हीं तुजीं लेकरां तुज्या पांयाकडे येवन उबीं रवल्यांत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वाडी एका आवाजात म्हणाली.

“काल जोत होतां, तें तुवां सांबाळलंय. मागीर टिलर इलो, तोय तुवां सांबाळलंय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्यो नवो ट्रॅक्टर तुज्या मळ्यात उतरता. तेच्यार बसान जो कोण तुजी सेवा करतलो, तो तुजो लेक...”

इथे नाव घ्यायचे असते. सगुणाने श्वास घेतला. आता त्याला स्वतःचे नाव देवासमोर मोठ्याने घ्यायचे होते. तेवढ्यात गुरुदास वाकले, आणि विडा सरळ करण्याच्या निमित्ताने त्याच्या कानाशी म्हणाले, “प्रवीणाचें नांव घे.”

सगुण थांबला.

त्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. त्याने मान वळवली. प्रवीण ट्रॅक्टरच्या चाकाशी उभा होता, नवी पँट, कपाळाला आधीच लावलेले कुंकू, आणि चेहऱ्यावर काहीही नाही. मंडळाचे बाकीचे चौघे आपापल्या पायांकडे बघत होते. म्हणजे त्यांना माहीत होते. आधीपासूनच माहीत होते, आणि या जागेपर्यंत त्याला न सांगता आणले होते, कारण इथे तो काही बोलू शकणार नव्हता. गुरुदासांना गाव कळत होता.

कुणीतरी खाकरले. आणखी एक क्षण गेला असता तर गाऱ्हाणे तुटले असते.

“...तो तुजो लेक प्रवीण,” सगुण म्हणाला, “तेका तुवां सांबाळून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

बायकांच्या घोळक्यातून सुशीलाही म्हणाली. ओळ संपली की व्हय म्हणायचे, ही जन्माची सवय. तोंडातून गेल्यावर तिला कळले आपण कशाला व्हय म्हटले ते, आणि तिने ओठ असे मिटले की नंतरच्या एकाही ओळीला ते उघडले नाहीत.

सगुणाने मात्र काही राखून ठेवले नाही. खरे तर मागणे थोडके करता आले असते, कुणाला कळलेही नसते. पण तोंड गावाचे होते. “तेच्या हाताक, पांयाक लागूं नये. मेरेर चाक घसरूं नये. खडकार पातें मोडूं नये. तेच्या घरात धान येवंदे, म्हाराजा!” प्रत्येक ओळीला वाडी मोकळ्या गळ्याने व्हय म्हणत होती. शेवटी त्याने नारळ उचलला. बधिर बोटांतून तो निसटला, म्हणून दोन्ही हातांनी धरून फोडला.

प्रवीणने ट्रॅक्टर पाण्यात घातला. पहिल्या फेरीला चार बोटे, दुसऱ्या फेरीला आठ. माती लोण्यासारखी फुटत गेली. मेरेवर चढताना पुढची चाके जमिनीला धरून राहिली, आणि ते बघून सगुणाला सवयीने बरे वाटले. मग तितकेच वाईट वाटले.

“कितें काम करता पळय!” लोक म्हणत होते. “अवजार बरें विंचलां हां!”

“सगुणान विंचलां,” गुरुदास निवडीचे श्रेय देत दिलदारपणे म्हणाले, आणि नारळाचे एक भकल त्याच्या हातात ठेवले. “तुजो मान. वायट मानून घेव नको, सगुण. तुजे हात आतां पयल्यासारके रवले नायत. सदऱ्याचीं बटणां बायल लायता, हें सगळ्या वाड्याक खबर आसा. आनी टिलर आसा न्हय तुका! ट्रॅक्टर कोपऱ्यांनी वळना. कोपरे तुजे.”

आणि ते हसले. आजूबाजूचे दोघेतिघेही हसले, वाईट मनाने नव्हे. अध्यक्ष हसले म्हणून.

लोक रोट खात घरी गेले. पहिला कुणगा नांगरून झाला होता. मधोमध सगळे गुळगुळीत, आणि चारी कोपऱ्यांत ट्रॅक्टर न पोचलेले, धसकटे वर आलेले चार तुकडे. सगुणाने मांगरातून, शेतावरच्या खोपटातून, टिलर काढला, मेरेवर आणला आणि सुरू केला. दोन्ही मुठी थरथरू लागल्या. सुशीला अजून गेली नव्हती. तिने त्याच्या जवळ येऊन त्याने मेरेवर ठेवलेले नारळाचे भकल उचलून घेतले.

“घरा चल,” ती म्हणाली. “करूं दी तेंकां कितें करतत तें.”

त्याने तिच्याकडे बघितले नाही. सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

“कोपरे रवले मगो,” तो म्हणाला, आणि टिलर घेऊन चिखलात उतरला.

पलीकडच्या कुणग्यातून ट्रॅक्टर वळायला येत होता. प्रवीणने सीटवरून हात केला. “काका, मात्शे आड रव!”

सगुणाने टिलर मेरेला लावून धरला. ट्रॅक्टर वळून जाईपर्यंत तो मुठी धरून तसाच गुडघाभर चिखलात उभा राहिला, आणि मग कोपऱ्यात शिरला.