कायमची उष्णता

उपग्रहाच्या चित्रात तापलेली जागा लाल ठिपका होऊन उमटे. तो ठिपका वणव्याचा की कुणाच्या भट्टीचा, हे ठरवायचं काम धाकटीचं. तिच्या थोरल्या भावाची वीटभट्टी जंगलाला खेटून होती. भट्टी पेटली की ठिपका, ठिपका उमटला की इशारा, आणि इशारा गेला की बंब दादाच्या दारात.

"सगळी दुनिया सोडून तुझा उपग्रह माझ्यावरच टपलाय का गं?" दादा फोनवर म्हणे. "बंबवाल्यांवर आता माझं कुत्रंही भुंकत नाही."

कचेरीत यावर उपाय होता. भट्टीभोवती वर्तुळ आखायचं, त्याला 'कायमची उष्णता' म्हणायचं. आतले ठिपके मग यंत्र सोडून देई. नियम अर्ध्या किलोमीटरचा. धाकटीने तीनचं आखलं. घरच्या माणसासाठी हात आखडता कशाला? खोटे इशारे घटणार म्हणून साहेबही खूश. वर्तुळाबद्दल बाहेर बोलायचं नाही, हाही नियमच. तेवढा तिने कसोशीने पाळला. भट्टी तेव्हा बंद होती, दादाला काही कळलं नाही.

त्या वर्षी उन्हाळा दीड महिना आधीच आला. तीस वर्षांच्या चित्रांत एवढं वाळलेलं जंगल नव्हतं. दादाने भट्टी पेटवली त्या दुपारी धाकटीच्या पडद्यावर ठिपका एकही नव्हता, पण वर्तुळातून धुराची लांब शेपटी बाहेर आली होती. तिने बंबाला कळवलं. वाट तासाची. मग दादाला फोन लावला.

"वहिनीला घे आणि निघ."

"ठिणगी उडाली, गवत पेटलंय. घाई कसली? भट्टी पेटली की न बोलावता तासाभरात येतात, आता पोचतीलच. आज तर खरं कारण आहे."

वर्तुळ तिच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं तर नोकरी जाईल, हेही त्याच्याबरोबरच आलं.

"आज जरा लांब आहेत ते," ती म्हणाली.

"लांब असले तरी येतील की. आम्ही घर भिजवत बसतो."

दोघं घराच्या दारातच सापडली, बादल्यांसकट.

चौथ्या दिवशी धाकटी कामावर आली. साहेबांनी आधी दुःख व्यक्त केलं, मग खुर्ची ओढली.

"त्या भट्टीचे इशारे येताहेत. विटा अजून भाजताहेत. वर्तुळ कुणी पुसलं?"

"मी."

"परत घाल. आणि नियमात घाल हं, अर्ध्या किलोमीटरचं."

तिने अगदी मोजून आखलं. दादाचं घर भट्टीपासून सहाशे मीटरवर होतं. ते बाहेर राहिलं.