गुलाबी पाणी

हातपंपाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. पाणीवाले महाराज काचेचं भांडं उंच धरून उभे होते.

"कुणाच्या घरावर सावली आहे?"

वहिनी पुढे झाली. तिचे तळहात चार महिन्यांपासून खरखरीत झाले होते, त्यांवर काळे ठिपके उठले होते. तिच्या सासूचे हातही असेच झाले होते, आणि सासू गेल्या वर्षी गेली.

"छपरावरची राख टाक यात."

वीजकेंद्राच्या राखेचा डोंगर गल्लीच्या टोकालाच होता. छपरांवर राखेला काय तोटा! वहिनीनं मूठभर राख पाण्यात ढवळली. महाराजांनी कुपीतले दोन थेंब सोडले आणि पाणी गुलाबी झालं.

"रक्त! सासू पाणी पाणी करत गेली ना? तीच या पाण्यात उतरलीय."

मग दुसऱ्या कुपीची धार. रंग क्षणात नाहीसा!

"गेली! आता खुशाल प्या."

वहिनीनं भांडं तोंडाला लावलं.

मागे उभ्या नणंदेच्या अंगावर सर्रकन काटा आला. भूतबित ती मानत नव्हती, पण आई खरोखरच पाणी मागत गेली होती. पंपाचंच पाणी. तिनंच चमच्याचमच्यानं पाजलं होतं.

"हे त्यांना कसं कळलं?" घरी आल्यावर तिनं विचारलं.

"अहो, त्यांच्या माणसाजवळ मीच रडले होते," वहिनी म्हणाली.

नणंद प्रयोगशाळेत कामाला होती. राख पाण्यात घालून बाटली अठरा तास फिरवायची, पाणी गाळायचं, राखेतून कोणते धातू सुटले ते यंत्रावर मोजायचं. गावोगावची राख तिनं तपासली होती. स्वतःच्या छपरावरची कधीच नाही. तिनं ती डब्यात भरली, पंपाचं पाणी बाटलीत घेतलं. तपासणी चालली त्या दोन दिवसांत नळ सोडला तरी आईची हाक कानात यायची.

आकडे आले. ती खुर्चीवर बसूनच राहिली.

महाराज पुन्हा आले तेव्हा ती दोन भांडी घेऊन पुढे गेली. एकात छपरावरची राख कालवलेली, दुसऱ्यात धुण्याचा सोडा. शाळेतल्या प्रयोगशाळेत मिळणाऱ्या रसायनाचे थेंब तिनं दोन्हींत टाकले. दोन्ही गुलाबी!

"सोड्यात कुणाची सासू मेली, महाराज?"

गर्दीत हसू फुटलं. तिनं लिंबू पिळलं. दोन्ही रंग उडाले.

"राख सोड्यासारखीच अल्कधर्मी असते. थेंबांनी रंग येतो, आंबटानं जातो. बस्स."

"विज्ञानाला सगळं कळत नाही, बाई!"

"नाहीच कळत. पण एवढं कळतं." ती गर्दीकडे वळली. "राखेतून सोमल, म्हणजे आर्सेनिक, सुटतो आणि जमिनीत झिरपतो. पंपाच्या पाण्यात तो मर्यादेच्या चौदापट आहे. त्याला ना रंग, ना वास. लिंबानं रंग जातो, सोमल तिथंच राहतो. आईला भुतानं नाही नेलं. पाण्यानं नेलं, आणि ते मी पाजलं."

महाराज कुप्या आवरू लागले.

"मग आम्ही प्यायचं काय?" वहिनीनं विचारलं.

"टँकर येईपर्यंत दूरच्या विहिरीचं. तेही आधी मी तपासते. आणि उद्या सगळ्यांचे हात डॉक्टरांना दाखवायचे."

मग ती सगळ्यांना म्हणाली, "पाणी स्वच्छ दिसतं म्हणून, किंवा कुणी मंतरलं म्हणून, पिऊ नका. तपासायला लावा. भुताला घालवणारे दारोदार भेटतील. राखेचा डोंगर हलवायला मात्र आपल्यालाच अर्ज घेऊन जावं लागेल."

त्या अर्जावर पहिली सही वहिनीनं केली.